खिडकीसमोरचं वावर

९ जानेवारी २०१६, शनिवार

शेजारच्या सोनवणे काकूंचा वरचा मजला उभा राहिला. काल विटा आमच्या खिडकीच्या चौकटीला आल्या होत्या, आज चौकट ओलांडली. सकाळी अकराला बल्ब लावून शिलाईमशीनवर बसले. अकराला!

काकू येऊन गेल्या. "रेखा, पोराचं लग्न करायचंय गं, कुठं ठेवू त्याला?" बरोबरच आहे. जागा त्यांची, पोरगा त्यांचा. आमची फक्त खिडकी, ती बी भाड्याची.

लेकीनं, पल्लवीनं, पुस्तकं घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर बस्तान मांडलंय. दहावीचं वर्ष. येणारा-जाणारा तिला ओलांडून जातो.

१२ जाने., मंगळ.

व्हायचं तेच झालं. शबाना आपांच्या मुलीचा लग्नाचा शरारा. गडद निळं कापड, आणि मी सगळी शिलाई काळ्या धाग्यानं मारून ठेवली. बल्बखाली दोन्ही रिळं सारखीच दिसत होती. आपा कापड घेऊन गल्लीत उन्हात गेल्या आणि तिथूनच, "रेखा, ये क्या कर दिये तुम? नीले पे काला मार दिये!"

चिडल्या नाहीत. ते जास्त लागलं. जाताना म्हणाल्या, "आँखां दिखा लेओ एक बार."

दिवसभर उसवत बसले. सुई दोनदा बोटात.

१५ जाने.

डोळे चांगले आहेत. नंबर थोडा वाढलाय. डॉक्टरांनी विचारलं, कामाला कुठं बसता? सांगितलं. म्हणाले, "चष्मा देतो. पण चष्म्यातून उजेड निघत नाही, बाई."

माझा नवरा अवि नाइट करून आलेला. चितेगावहून कंपनीची बस सकाळी सोडते, मग तो दुपारपर्यंत झोपतो. भाकरी खाता खाता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मग विकतचं घर बघू."

अठरा वर्षांत भाड्याच्या चार खोल्या झाल्या. हे वाक्य आज निघालं. मी पटकन दुसरी भाकरी वाढली, न जाणो परत घेतलं तर.

१७ जाने., रवि.

पहिलं घर. स्टेशनच्या अलीकडं, दाट वस्तीत, तळमजला. मालकीणबाईंनी सगळ्या खोल्यांत लाइट लावून ठेवलेले. दुपारचे बारा. मी म्हणाले, जरा बंद करता का? त्यांना राग आला असावा. बटणं बंद केली आणि घर एकदम विहिरीसारखं झालं.

मी पर्समध्ये दोन रिळं नेली होती. एक काळं, एक निळं. हॉलमध्ये धरली, बेडरूममध्ये धरली. फक्त मागच्या दारात उभं राहिल्यावर कळलं कुठलं कुठलं.

अवि स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडला. नळाला तीन दिवसांआड येतं, शिवाय बोअर, आणि या दुष्काळी सालीसुद्धा बोअरला पाणी आहे. अविनं हात धारेखाली धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी रिळं पर्समध्ये टाकली.



२४ जाने., रवि.

पडेगाव. दौलताबादच्या रस्त्याला आत वळून. तीन मजली नवी बिल्डिंग, बाहेरचा गिलावा अजून व्हायचाय. साइटवर देवरे म्हणून माणूस बसतो, बोलायला गोड. दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं.

साडेनऊ वाजले होते. हॉलच्या खिडकीतून ऊन आत येऊन समोरच्या भिंतीवर चढलेलं. फरशीवर सिमेंटचा सडा, पण सगळा दिसत होता, कण न् कण. रिळं काढायची गरजच नव्हती. तरी काढली. लांबून कळलं.

खिडकी पूर्वेला. खाली वावर, एक विहीर, जाळीचं वाघूर, त्यात मेंढरं. पलीकडं पार मोकळं.

"समोर काही होणार तर नाही ना?"

देवरे म्हणाले, "ताई, शेतजमीन आहे ती. एनए नाही काही नाही. मेंढरांना कुठं बिल्डिंग लागते?" हसले. मी पण हसले.

पाणी? "टँकर येतो की रोज. उन्हाळ्यात सगळ्या शहरालाच टँकर, ताई."

अवि हसला नाही.

२५ जाने.

वाद. अविचं म्हणणं, पाणी आधी. उजेड बटण दाबून येतो, पाणी येत नाही. "बल्ब लाव की दिवसभर. बिल मी भरतो." शिवाय कंपनीची बस पडेगावला जात नाही, त्याला गाडीनं स्टॉपपर्यंत जावं लागणार.

मी म्हणाले, "तुम्ही दिवसा झोपता. तुम्हाला अंधारच पाहिजे. मी दिवसा जागी असते."

जरा जोरात म्हणाले. पल्लवी पायरीवरून उठून खाली ओट्यावर जाऊन बसली.

अविचं खोटं नाही, हे मलाही माहिती आहे. पाणी कोण भरतं या घरात? मीच.

३१ जाने., रवि.

परत पडेगाव, आता दुपारी चारला. देवरे म्हणाले, "परत?" मी म्हणाले, कपडा घेताना सुद्धा दोनदा बघते मी.

चारला ऊन नसतं, पण उजेड असतो. पसरलेला, सगळीकडं सारखा. मला असाच लागतो, रंग जुळवायला. मागची बेडरूम मात्र अंधारी. तिची खिडकी जिन्याच्या मोकळ्या जागेत उघडते. मी म्हणणारच होते, तर अवि तिथं फरशीवर आडवा झाला! बूट घालून. डोळे मिटून. देवरे दारात, मी दारात.

दोन-तीन मिनिटांनी उठला, पाठ झटकली. "इथं झोप येईल," म्हणाला.

टोकन दिलं. एप्रिलमध्ये रजिस्ट्री करायची असं ठरलं. घर दोघांच्या नावावर.

९ फेब्रु., मंगळ.

एकटीच गेले होते. पडद्याचं माप घ्यायचं असं घरात सांगितलं. खरं तर नुसतं जाऊन बसायचं होतं.

बिल्डिंगच्या भिंतींवर पाणी मारतात, ते गळून खाली डबकं होतं, तिथं मेंढरं तोंड लावत होती. त्यांचा मालक म्हातारा. सगळे आबा म्हणतात. काठी टेकून उभा. पिढ्यान् पिढ्या मेंढरं हिंडवणारी माणसं ही, हे वावर मागाहून झालेलं.

"कंचं घर घेतलं, बाई?"

मी वर बोट दाखवलं. दुसरा मजला, ती खिडकी.

"म्हंजी रोज सकाळी उठून आमची मेंढरं बघणार म्हणा."

"मेंढरं आणि सूर्य."

म्हातारा हसला. "सूर्य काय, हाय तिथंच ऱ्हाईल. मेंढरांचं सांगता येत नाय."

विहीर दिवाळीलाच आटली. चारा विकत. अर्धा कळप गेल्या महिन्यात बाजारात नेला. पोरगा बाळू टेम्पो चालवतो, तो म्हणतो मेंढरंही काढा आणि वावरही काढा. सून डबक्यातलंच पाणी घमेल्यानं भरून नेत होती, भांड्यांसाठी. मी तिच्याकडं बघितलं आणि पडद्याचं माप न घेताच परत आले.

वावरही काढा.

२८ फेब्रु., रवि.

आबाच्या वावरात दोन माणसं टेप धरून मोजत होती. पडेगावला गेले होते, आमच्या खिडकीतून बघितलं.

देवरेंना विचारलं. "बांधाबिंधाचं काहीतरी असेल, ताई." त्यांना कोणीतरी खाली हाक मारली. मी साइट ऑफिसमध्ये एकटी. टेबलावर नकाशा उघडा, चहाचा कप वर ठेवलेला.

कटिंगचे कागद वाचण्यात जन्म गेला माझा. नकाशा वाचायला किती वेळ लागतो? ही आमची बिल्डिंग. हा आमचा हॉल. ही माझी खिडकी. आणि तिच्यासमोर, मधे एक बारीकशी गल्ली सोडून, दुसरी बिल्डिंग. पाच मजले. आबाची विहीर आहे तिथं पार्किंग.

ज्या शेठकडून आम्ही घर घेतोय, त्याच शेठचं नाव खाली.

देवरे आले. मी नकाशावर बोट ठेवलं.

"ते असंच काढून ठेवलंय, ताई. जमीन अजून घेतलेली पण नाही."

"तुम्ही म्हणालात एनए नाही."

"आज नाहीच आहे."

"मला खिडकी दाखवून घर विकलं तुम्ही."

तेव्हा त्यांचा गोडवा थोडा कमी झाला. "खिडकी देतोय की. कागदावर आहे ना खिडकी? समोर काय असेल ते कुठं लिहिलंय?"

२९ फेब्रु.

अविला सांगितलं. म्हणाला, "मग नळाचं घर घेऊ. उजेड दोन्हीकडं जाणारच असेल तर पाणी तरी मिळेल." मालकीणबाईंना फोन केला. घर अजून आहे. टोकन परत मिळेल का, देवरे म्हणतात बघू.

उद्यापासून पल्लवीची बोर्डाची परीक्षा. यातलं तिला काही सांगायचं नाही असं ठरलं. सगळं माहिती आहे तिला.

१३ मार्च, रवि.

गेले आणि बोलून टाकलं. "आबा, वावर विकू नका."

आबा मेंढराच्या पायातला काटा काढत होता. काढून झाल्यावर बोलला.

"ताई, तुमची खिडकी एक. हितं खाणारी सात तोंडं, आन् ही मुकी जनावरं येगळी. तुमी उजेडासाठी घर सोडाया निघाल्या, मी पाण्यासाठी वावर सोडाया निघालोय. दोघं बी आपापलं बघतोय. व्हय का नाय?"

व्हय, म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

मग त्यानंच सांगितलं. शेठ म्हणतो, सामान ठेवायला गोदाम टाकायचंय, म्हणून ही पडीक जमीन घेतो. भाव माळरानाचा देतो. त्या भावाला विकायला आबाचं मन धजत नाही. "माळरान म्हणतोय. माझ्या बापानं हिरीचा एकेक दगूड हातानं काढला."

गोदाम!

नकाशा माझ्या डोळ्यांसमोर. पाच मजले. 

भाव कमी आहे म्हणून आबा अडलाय. आबा अडलाय तोवर माझी खिडकी. खरा भाव कळला तर विकून मोकळा होईल. म्हणून गप्प बसले. हे आज लिहून ठेवते, नंतर पान फाडायचं नाही.

१४ मार्च

काम होत नाही. बाही उलटी लावली.

२४ मार्च, धुळवड

यंदा रंग कोरडाच. पाणी टाकलं तर शेजारीपाजारी मारायला उठतील.

आईचा फोन, वैजापूरहून. टँकर दोन दिवसांआड. गल्लीतल्या एकानं बैलजोडी विकली, व्यापाऱ्यानं निम्म्यात नेली. बाजारात भाव काय चाललाय ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बघत उभे राहिले. आई म्हणाली, "गरजवंताला अक्कल नसती गं. पण बघणाऱ्याला तर असती का नाय?"

आई असंच बोलत होती, माझ्याबद्दल तिला काही माहिती नाही. मी म्हणाले, गॅसवर दूध आहे, ठेवते. दूध नव्हतं.

बाबांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात खपण्यात गेला. मजुरी किती ठरली आणि हातात किती आली, यावर रोज संध्याकाळी घरात भांडण. मोजणी करणाऱ्याला खरी बेरीज माहिती असायची.

३ एप्रिल, रवि.

सांगितलं.

"आबा, गोदाम नाही ते. पाच मजल्यांची बिल्डिंग होणार आहे. नकाशा मी डोळ्यांनी बघितलाय."

आबा माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी कशापायी सांगता हे? नुकसान तर तुमचंच."

"माहिती आहे."

त्यानं बाळूला हाक मारली. बाळू टेम्पोखालून निघाला, हात काळे. त्याला माझा भरवसा वाटेना. "तुम्हाला कोणी पाठवलं? दुसरा कुणी घेणारा हाय का मागं?" मी पर्समधला कापडावर आखायचा खडू काढला आणि टेम्पोच्या फाळक्यावर नकाशा काढून दाखवला. ही आमची भिंत, हे तुमचं वावर, ही विहीर, इथून इथपर्यंत पाच मजले. बाळूची मान हळूहळू खाली आली.

सुनेनं चहा केला. अर्धा कप. तिथं पाण्याचा हिशोब काय आहे ते मला माहिती. सगळा प्याले.

येताना रिक्षात हलकं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. भीती वाटली.

४ एप्रिल

अवि भडकला. एवढा कधी नाही. "आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतलास! अगं, दोन-तीन वर्षं तरी तो अडून राहिला असता. पल्लवीची बारावी झाली असती त्या उजेडात."

"आणि आबाचं?"

"आबा आपला कोण?"

 

७ एप्रिल

तिसरा दिवस. डबा घेतो, जातो. येतो, झोपतो. पल्लवी मधून निरोप नेते: "आई, बाबा विचारतात चहा आहे का."

१४ एप्रिल, गुरु.

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. अविनं मी शिवलेला पांढरा शर्ट घातला. वंदना झाली, खीर झाली. मग मिरवणुकीला जायच्या ऐवजी गाडीची किल्ली घेतली. "चल, पडेगावला जाऊन येऊ."

एवढंच. दहा दिवसांनंतर.

आबाशी तोच बोलला. दोघं वाघराजवळ उकिडवे बसले. मी लांब. परत येताना गाडीवर मान मागं करून सांगितलं. बाळूनं शेठला नकाशाचं तोंडावर विचारलं. शेठ आधी उडवून लावत होता, आता भाव वाढवतोय. आबानं वर एक अट घातली. आमच्या बाजूनं बारा हात जागा सोडायची, रस्त्याला.

"कशाला घातली अट?" मी विचारलं.

"मी पण विचारलं. म्हणाला, तिनं मला सांगितलं, मी तिला काय देऊ? मेंढरू दिलं तर ठेवणार कुठं?"

वाऱ्यामुळं पुढचं ऐकू आलं नाही, का तो बोललाच नाही, कळलं नाही.

शेठचं उत्तर, बघू.

१७ एप्रिल, रवि.

देवरेंचा फोन. पंचवीसला रजिस्ट्री करा, नाहीतर टोकन परत घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. खरं-खोटं त्यांनाच माहिती.

नळाचं घर परत बघायला गेलो. यावेळी लाइट लावू नका म्हणून आधीच सांगितलं. मालकीणबाई चहा करायला आत गेल्या, आम्ही हॉलमध्ये बसलो. दुपारचे दोन. बाहेर डोळे उघडता येत नाहीत एवढं ऊन, आणि आत अविच्या चेहऱ्यावरचं काही मला दिसेना. बोअरची मोटर चालू होती, टाकीत पाणी पडत होतं. किती बरं वाटतं तो आवाज ऐकायला, या साली.

घर थंड होतं, हेही खरं. पडेगावला उन्हाळ्यात सकाळीच भिंत तापणार.

मी ठरवलं होतं, आज अवि जे म्हणेल ते. आता माझ्यात बोलायचं उरलं नव्हतं.

अविनं किती वाजले बघायला मनगट पुढं केलं. डोळ्यांजवळ नेलं. मग मोबाइल पेटवून घड्याळावर उजेड पाडला. दुपारी दोनला. मोबाइल खिशात टाकला आणि उठला.

"चल," म्हणाला. चहा राहिला.

२५ एप्रिल, सोम.

रजिस्ट्री. ऑफिसात गर्दी, कुलर नुसताच फिरत होता, पाणी नव्हतं त्यात. देवरेंना शेवटचं विचारलं, समोर बारा हात मोकळे राहतील एवढं एक वाक्य घाला. "असं कोणी लिहीत नाही, ताई. जमीन आमची नाही, मग आम्ही लिहायचं कसं?" जमीन त्यांची नाही! लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मात्र नाही.

बाळूला फोन केला. शेठनं काही सांगितलं का? "आज या म्हणतो, उद्या या म्हणतो."

आमचं नाव पुकारलं. कारकुनानं बोट ठेवून दाखवलं, इथं, इथं आणि इथं. मी पेन हातात घेऊन थांबले. मागचा माणूस च्च च्च करायला लागला. अवि हळू म्हणाला, "तुझ्यावर आहे. नको तर नको."

केली. तिन्ही ठिकाणी. आईचा रेशनच्या दुकानात अंगठा, आजीचाही अंगठा. घराच्या कागदावर सही आमच्यात पहिली माझीच.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. बर्फ नको म्हणाले, कुठल्या पाण्याचा कोण जाणे.

२१ मे, शनि., बुद्धपौर्णिमा

राहायला आलो. पाठीमागं कपाट, पुढं मशीन, मधे पल्लवी, असा बाळूचाच टेम्पो. भाडं घेईना, जबरदस्तीनं खिशात घातलं. सोनवणे काकू निरोप द्यायला आल्या आणि रडल्या. मी पण.

मशीन खिडकीला लावलं. पल्लवीनं दुसरा कोपरा धरला. कोणीच बल्बचं बटण शोधलं नाही, संध्याकाळी शोधावं लागलं.

२७ मे

चार दिवस टँकर नाही. खालची टाकी कोरडी. अवि डे शिफ्ट करून येताना वाटेवरच्या छावणी भागातून दोन कॅन भरून आणतो आणि जिन्यानं वर चढवतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबतो, मला वरून श्वास ऐकू येतो. आजपर्यंत एका शब्दानं म्हणाला नाही, की मी सांगत होतो.

म्हणाला असता तर बरं झालं असतं.

सकाळी दहापर्यंत हॉल तव्यासारखा. पल्लवी ओला रुमाल डोक्यावर टाकून वाचते. अविची मागची खोली मात्र गार. नाइट लागली की दिवसा झोप छान होईल म्हणतो. शबाना आपा येऊन घर बघून गेल्या. खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "रोशनी तो बहोत है रेखा, मगर पानी का क्या करते जी तुम?" नणंदेचे चार सूट शिवायला दिले.

५ जून, रवि.

खालून हाक. आबा. स्वच्छ पांढरं धोतर, पटका. उरलेली मेंढरं एका पाहुण्याकडं लांबच्या गावी सोडली, तिथं अजून थोडा चारा आहे म्हणे. वाघूर गुंडाळलेलं भिंतीशी पडलं होतं. नुसती चार खुंट्यांची भोकं राहिलीत जमिनीत.

"झाला व्यवहार," म्हणाला. भाव बरा आला. बाळू दुसरा टेम्पो घेणार. घर तूर्त आहे तिथंच, पावसाळाभर राहा म्हणाले शेठ.

मी विचारू की नको असं करत होते. त्यानंच सांगितलं.

"बारा हाताचं तोंडी व्हय म्हणला. कागदावर लिव म्हणलो, तर म्हणला आबा, माझ्या जबानीवर भरवसा नाय का?"

"मग?"

"मग काय, ताई. समोर पोरगा पेनाचं टोपण काढून बसला व्हता. मी बी केली." पटका सारखा करून, "तोंडाचं काय खरं असतंय? पण समदंच खोटं बी नसतंय."

वर चला, चहा घ्या म्हणाले. आला. पहिल्यांदाच. खिडकीत उभा राहून आपलं वावर वरून बघितलं. बराच वेळ. "केवढंसं दिसतंय हितून," म्हणाला.

चहा पूर्ण कप दिला.

९ जून

खाली चुन्याची फक्की मारली. दोन लांब रेघा. एक आमच्या भिंतीपासून जवळ, एक जरा लांब. कुठली नव्या बिल्डिंगच्या भिंतीची आणि कुठली रस्त्याची? देवरे आता ऑफिसात नसतात, फोन उचलत नाहीत. बाळूला विचारलं, त्यालाही माहिती नाही. अवि जाऊन पावलांनी मोजून आला. जवळची रेघ रस्त्याची असेल तर ठीक, म्हणाला. नसेल तर काय, ते म्हणाला नाही.

पल्लवीचा निकाल चांगला लागला. पेढे. आबाच्या घरी पल्लवीच देऊन आली.

१३ जून, सोम.

सकाळी आठला खडखडाट. ट्रक वावरात मागं मागं येऊन दगड ओतत होता, बरोबर दोन्ही रेघांच्या मधे. धूळ खिडकीपर्यंत. मी तशीच खाली पळाले, चपला सुद्धा नाहीत.

"दादा, कशाचे दगड हे? रस्त्याचे का पायाचे?"

ड्रायव्हर तंबाखू मळत होता. "मला काय म्हाईत, ताई. हितं खाली कर म्हणले, केलं. दुपारी अजून दोन खेपा हायेत."

आबा त्याच्या दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात थोडे वर करून सोडून दिले. त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

वर आले. पाय पुसले. अवि नाइटहून येऊन मागं झोपलेला, उठवलं नाही. पल्लवी म्हणाली, "आई, खिडकी लावू का? धूळ येतीय."

नको म्हणाले.

बुधवारी आपांच्या नणंदेचे सूट द्यायचेत. मशीन पुसलं आणि बसले. साडेदहापर्यंत ऊन होतं. दोन सूट शिवून झाले.